एक कळफलक, दोन यंत्रे : देवनागरी लेखनयंत्राच्या इतिहासातील एक प्रकरण

१

एकच बिनतारी कळफलक व एकच माऊस यांच्या साहाय्याने शेजारशेजारचे दोन संगणक चालविणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. सामान्यतः हा विषय सोयीचा व काटकसरीचा मानला जातो. त्यात अभ्यासकाने लक्ष घालावे असे काही असेल, अशी शंकाही सहसा कोणास येत नाही. परंतु मराठी लिहिणाऱ्याने हा प्रयोग करून पाहिला, तर माऊस एका यंत्रावरून दुसऱ्यावर विनातक्रार जातो आणि कळफलक मात्र पुष्कळदा जात नाही, असे त्यास आढळून येते. कळ तीच असते, बोट तेच असते, पण पडद्यावर उमटणारे अक्षर वेगळे असते. हे असे का व्हावे, या प्रश्नाचे उत्तर यंत्रशास्त्रापेक्षा लिपीच्या इतिहासात अधिक सापडते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी एक स्थलनाम घेऊ. पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर, जेथे चाकणकडून येणारा रस्ता मिळतो, तेथे शिरूर तालुक्यातील शिक्रापूर हे गाव वसले आहे. या नावातील जोडाक्षर, ऱ्हस्व वेलांटी, दीर्घ ऊकार आणि दोन ठिकाणी आलेला रकार यांमुळे ते आपल्या कामास विशेष उपयुक्त आहे.

२

प्रथम टंकलेखन यंत्राचा काळ पाहू. शोल्स व त्याचे सहकारी यांनी सिद्ध केलेले व रेमिंग्टन कंपनीने बनविलेले यंत्र १८७४ साली अमेरिकेत बाजारात आले. त्या यंत्रात कळ आणि अक्षर यांचा संबंध धातूचा होता. कळ दाबली की तिला जोडलेली दांडी उठे आणि दांडीच्या टोकावर कोरलेला ठसा कागदावर उमटे. एका कळेचे दुसरे अक्षर करावयाचे तर ठसाच बदलावा लागे. म्हणून ज्या कचेरीत इंग्रजी व मराठी असा दुहेरी पत्रव्यवहार असे, तेथे दोन स्वतंत्र यंत्रे ठेवावी लागत. लेखनिक एक, यंत्रे दोन आणि कळफलकही दोन, अशी ती व्यवस्था होती. गोदरेज आणि बॉइस या कंपनीने १९५५ साली मुंबईत भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र काढले, तरी या मूळ रचनेत फरक पडण्याचे कारण नव्हते.

रोमन लिपीसाठी योजलेल्या या सांगाड्यात देवनागरी बसविणे कठीण होते. सुमारे शेचाळीस कळांवर दुहेरी ठसे मांडले तरी चिन्हे नव्वदीच्या आसपासच भरतात. जोडाक्षरांसह देवनागरीची आकृतिसंख्या याच्या कितीतरी पट आहे. तेव्हा यंत्रकारांनी अक्षरे फोडली. मात्र ती ध्वनीच्या आधारे न फोडता आकृतीच्या आधारे फोडली. हिंदी यंत्रांवर रूढ झालेल्या आणि पुढे कृतिदेव या संगणकीय टंकाने उचललेल्या रेमिंग्टन मांडणीत ‘शिक्रापूर’ हा शब्द असा उतरतो : आधी वेलांटी, मग अर्धा श्, मग काना, मग क, मग त्याखालची तिरपी रेघ, पुन्हा काना, प, ऊकार आणि शेवटी र. कळा नऊ दाबाव्या लागतात. येथे ‘श’ पूर्ण करणारी उभी रेघ आणि ‘क्रा’मधील दीर्घ आ ही एकच कळ आहे, कारण दोहोंची आकृती एक आहे, उलट ‘क्र’मधील रकार आणि शब्दाच्या शेवटचा र यांच्या कळा वेगळ्या आहेत, कारण त्यांच्या आकृती वेगळ्या आहेत. वेलांटी उच्चारात नंतर येते, पण कागदावर डावीकडे असल्यामुळे ती आधी टंकित होते.

यंत्राचा हा जाच केवळ लेखनिकापुरता राहिला नाही. लिपीच बदलावी, असा आग्रह त्यातून बळावला. सावरकरांनी पुरस्कारिलेली ‘अ’ची बाराखडी ही मुद्रण व टंकलेखन यांची सोय डोळ्यांपुढे ठेवूनच मांडली गेली होती. १९५३ साली लखनौ येथे भरलेल्या लिपिसुधार परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे लिहावी असे ठरविले. ती सुधारणा रुजली नाही आणि १९५७ साली मागे घेण्यात आली. यंत्रास लिपी जड जात होती, म्हणून लिपीनेच वाकावे, अशी ही विचारसरणी होती.

३

संगणकाने जो खरा फरक घडवून आणला, तो वेगाचा नव्हे. कळ आणि अक्षर यांची फारकत हा तो फरक होय. आजच्या यूएसबी कळफलकावरील ‘के’ची कळ दाबली असता संगणकाकडे अक्षर जात नाही, केवळ १४ हा क्रमांक जातो. तो क्रमांक एवढेच सांगतो की अमुक जागेवरील कळ दाबली गेली. तिचा अर्थ कोणता लावावयाचा हे संगणकात बसविलेली मांडणी ठरविते. मांडणी इंग्रजी असेल तर रोमन ‘के’ उमटेल, इनस्क्रिप्ट असेल तर ‘क’, आणि वर सांगितलेली रेमिंग्टन असेल तर काना. कळफलकास भाषा नसते. भाषा यंत्रात असते.

या फारकतीचा लाभ भारतीय लिप्यांना करून देण्याचे काम प्रथम कानपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झाले आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने ते पुढे नेले. ‘जिस्ट’ या नावाने ओळखले जाणारे कार्ड संगणकात बसविले की नेहमीच्या इंग्रजी कळफलकावरूनच भारतीय लिप्या लिहिता येऊ लागल्या. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट ही मांडणी प्रमाण ठरविली. १९९१ साली ‘इस्की’ ही संकेतावली आय.एस. १३१९४ या भारतीय मानकाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. युनिकोडमधील देवनागरीची व्यवस्था ‘इस्की’च्या १९८८च्या आवृत्तीवरच आधारलेली आहे.

इनस्क्रिप्टची घडण वर्णमालेवर आहे. स्वर व त्यांची चिन्हे डाव्या हाताकडे, व्यंजने मुख्यतः उजव्या हाताकडे, आणि अल्पप्राणाच्या कळेवरच ‘शिफ्ट’सह महाप्राण : क–ख, ग–घ, त–थ, प–फ. ही मांडणी देवनागरी, बंगाली, कन्नड अशा लिप्यांना समानच आहे. तीत ‘शिक्रापूर’ असे लिहिले जाते : श, वेलांटी, क, हलन्त, र, काना, प, ऊकार, र. कळा येथेही नऊच पडतात. पण पृथक्करण सर्वस्वी निराळे आहे. वेलांटी उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतर येते, आणि दोन्ही ठिकाणचा रकार एकाच कळेचा असतो. तिरपी रेघ काढावयाची की पूर्ण र, ही चिंता यंत्राची. लेखकाने वर्ण तेवढे सांगावयाचे. पाणिनीय परंपरेत वाढलेल्या अभ्यासकास या मांडणीत परके असे काही वाटू नये.

४

या पार्श्वभूमीवर मूळ प्रश्नाकडे वळू. एक कळफलक दोन संगणकांत वाटून घेण्याचे आज तीन मार्ग आहेत. पहिला, अदलाबदलीच्या पेटीचा किंवा तिच्याच जातीचा : बिनतारी संचाचा छोटा रिसीव्हर एका यंत्रातून काढून दुसऱ्यात लावणे हाही त्यातलाच प्रकार होय, कारण कळफलकाची जोडणी संगणकाशी नसून त्या रिसीव्हरशी असते. दुसरा, कळफलकानेच अनेक यंत्रांची ओळख स्मरणात ठेवण्याचा. ब्लूटूथवर चालणारा लॉजिटेकचा २०१४ सालचा के४८० हा कळफलक अशी तीन यंत्रे लक्षात ठेवी व बटण फिरविताच त्यांपैकी हव्या त्या यंत्राकडे वळे. तिसरा मार्ग आज्ञावलीचा : कळफलक एका संगणकाचा, पण माऊसचा बाण पडद्याची कड ओलांडून गेला की कळांचे संदेश जाळ्यावरून दुसऱ्याकडे पाठविले जातात. सिनर्जी (२००१), मायक्रोसॉफ्टची ‘माऊस विदाउट बॉर्डर्स’ (२०११), लॉजिटेकची ‘फ्लो’ (२०१७) आणि ॲपलची ‘युनिव्हर्सल कंट्रोल’ (२०२२) ही या पंथाची उदाहरणे होत.

माऊस केवळ ‘इतका सरकलो’ एवढेच सांगतो. त्यास मांडणी नाही, म्हणून तो कोठेही चालतो. कळफलकाचे तसे नाही. पहिल्या दोन मार्गांत क्रमांक जसाच्या तसा दुसऱ्या यंत्राकडे जातो व तेथील मांडणी त्याचा अर्थ लावते. एका यंत्रावर इनस्क्रिप्ट व दुसऱ्यावर रेमिंग्टन असेल, तर बोटांच्या त्याच नऊ हालचाली एकीकडे शिक्रापूर लिहितील आणि दुसरीकडे निरर्थक आकृती. तिसऱ्या मार्गात गुंतागुंत अधिक. सिनर्जीसारखी प्रणाली कळेच्या क्रमांकाबरोबर तिचे अक्षरही कळविते. मग ते अक्षर देणारी कळ दुसऱ्या यंत्राच्या मांडणीत सापडेलच असे नाही.

रोमन अक्षरांत लिहून देवनागरी करवून घेण्याची पद्धत घेतली, तर धोका अधिक सूक्ष्म आहे. ती पद्धत शब्दसंग्रहाच्या आधारे अंदाज करते, आणि दोन यंत्रांचे अंदाज जुळतीलच असे नाही. एक यंत्र ‘शिक्रापूर’ देईल, दुसरे ‘शिक्रापुर’. वाचणाऱ्यास ते एकच गाव आहे. यंत्रास ते दोन निराळे शब्द आहेत. दस्तऐवजांत एका रूपाने नोंद झाली आणि शोध दुसऱ्या रूपाने घेतला, तर नोंद असूनही सापडणार नाही. निरर्थक आकृती निदान डोळ्यांत भरते. ही चूक डोळ्यांत भरत नाही, म्हणून ती अधिक काळ टिकते.

५

या इतिहासाचा क्रम लक्षणीय आहे. आधी एका लेखनिकापुढे दोन यंत्रे व दोन कळफलक होते. नंतर एका यंत्रात अनेक लिप्या आल्या. आता एका कळफलकामागे अनेक यंत्रे उभी आहेत. प्रत्येक टप्प्यावर कळ अक्षरापासून अधिक दूर गेली आणि त्या प्रमाणात समान संकेताची गरज वाढली. धातूच्या ठशाच्या काळात प्रमाण मांडणी नसली तरी निदान ते एक यंत्र स्वतःशी सुसंगत होते. आज सुसंगती यंत्रात शोधून मिळत नाही. ती लिहिणाऱ्यांनी आपसांत ठरवावी लागते. भाषेतील चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध सामाजिक संकेताने टिकतो, हे तत्त्व आपण वर्गात सोसूरच्या नावाने शिकवितो. त्याचा प्रत्यय येथे टेबलावरच येतो.

यावरून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष सरळ आहे. कळफलक वाटून घ्यावयाचा तर दोन्ही यंत्रांवर मांडणी एकच असली पाहिजे, आणि ती वर्णांवर आधारलेली असावी, आकृतीवर किंवा अंदाजावर नव्हे. अशी मांडणी १९८६ पासून उपलब्ध आहे आणि प्रचलित संगणकांत ती आधीच बसविलेली असते; उणीव आहे ती शिक्षणाची. मराठीच्या पदव्युत्तर वर्गात वर्णव्यवस्था शिकविताना इनस्क्रिप्टचा तक्ता समोर ठेवला, तर अल्पप्राण–महाप्राणांचा भेद विद्यार्थ्याच्या बोटांतही उतरेल, आणि गावांची नावे दोन दप्तरांत दोन तऱ्हांनी नोंदली जाण्याचे एक कारण तरी दूर होईल. हे काम यंत्रशास्त्राच्या विभागाकडे सोपवून भाषेच्या विभागांनी मोकळे होणे योग्य नव्हे.