राष्ट्रपतींचा आदेश आणि आपली ३४ वर्षे

परळ-लालबागच्या वस्त्यांतले तरुण आजही आम्हाला विचारतात, "दाखल्यावर बौद्ध लिहिलं तर आरक्षण जातं का?" आज जात नाही. पण एकेकाळी जात होतं, हे आपण विसरलो आहोत.

संविधानाच्या कलम ३४१ नुसार अनुसूचित जातींची यादी राष्ट्रपती जाहीर करतात. १९५० च्या आदेशातच धर्माची अट घातली गेली. १९५६ मध्ये हिंदूंबरोबर सर्व शीख दलितांनाही जागा मिळाली, बौद्धांना नाही. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली आणि दीक्षा घेणारे यादीबाहेर गेले. १९६४ मध्ये पंजाबराव विरुद्ध मेश्राम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बौद्ध झालेल्या आमदाराची राखीव जागेवरची निवड रद्द ठरवली.

मग दोष कोणाचा? राष्ट्रपती सही करतात ती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. एकदा निघालेली यादी फक्त संसद बदलू शकते. ही तरतूद १७ सप्टेंबर १९४९ रोजी घटना समितीत खुद्द बाबासाहेबांनी मांडली, कारण राजकीय सोयीसाठी यादीत ढवळाढवळ होऊ नये. म्हणूनच १९९० मध्ये दुरुस्ती झाली ती न्यायालयात नव्हे, संसदेत. तोवर ३४ वर्षे गेली.

१ ऑगस्ट २०२४ च्या निकालाने राज्यांना उपवर्गीकरणाची मुभा दिली. त्यावर जरूर वाद घालू. पण यादीत कोण असावं, याची किल्ली आजही संसदेकडेच आहे. म्हणून नुसता निकालावर संताप नको, आपल्या खासदाराला जाब विचारा.

जय भीम!