दसरा नेमका कुणाचा?

दर दसऱ्याला माझ्या फोनवर तेच भांडण दोन बाजूंनी येतं. कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी लिहितं, 'हा रामाचा दिवस, तुम्ही पळवला.' घरच्या ग्रुपवर तितक्याच ठामपणे येतं, 'हा सम्राट अशोकाचा दिवस, त्यांनी पळवला.' मी नागपूरचा, बौद्ध घरातला. १४ ऑक्टोबर १९५६ला माझी आजी तिच्या आईचं बोट धरून दीक्षाभूमीवर उभी होती. त्यामुळे दुसरा मेसेज मी कित्येक वर्षं न वाचताच फॉरवर्ड केला. गेल्या वर्षी म्हटलं, एकदा पुरावा तरी पाहू.

कलिंगच्या युद्धाबद्दल अशोकाने स्वतःच लिहून ठेवलंय. तेराव्या शिलालेखात तो लाखभर माणसं मारली गेल्याचं सांगतो, पश्चात्ताप करतो आणि धम्माने मिळवलेला विजय सगळ्यात श्रेष्ठ मानतो. हे कोणत्या तिथीला घडलं, ते मात्र त्यात नाही. त्याला तिथींचं वावडं होतं असंही नाही. पाचव्या स्तंभलेखात प्राण्यांना अभय देताना तो अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा अशा तिथी सांगतो. दशमी त्यात नाही. हे वाचून मी फोन उलटा ठेवला. घरात कुणाला सांगायचं धाडस होईना.

मग दुसरी बाजू उघडली. वाल्मीकी रामायणात आश्विन शुद्ध दशमीला रावण मारला गेला, असं कुठेच नाही. उलट युद्धकांडात सुपार्श्व रावणाला अमावास्येला चढाईसाठी बाहेर पड, असं सांगतो. विराटपर्वात पांडव शमीवर शस्त्रं लपवतात, पण तिथे दसरा नाही. आपण आपट्याची पानं सोनं म्हणून वाटतो आणि त्यामागे रघुराजा आणि कौत्साची गोष्ट सांगतो. कालिदासाच्या 'रघुवंशा'त मात्र सोनं थेट राजाच्या कोषागारात पडतं. तिथे आपट्याचं झाड नाही.

मग जुनं काय? मला वाटतं, ऋतू. पाऊस थांबतो, नद्या उतरतात, चिखल वाळतो आणि फौजा बाहेर पडतात. सीमोल्लंघन हा शब्द तिथलाच. नागपूरच्या रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर १७४२च्या नवरात्रात बंगालमध्ये कटव्याजवळ दुर्गापूजा करत होते. ती चालू असतानाच अलिवर्दीखानाने त्यांच्या छावणीवर हल्ला केला. सणाचे दिवस आणि लढाईचे दिवस एकच होते.

हॅलोवीनवरूनही असंच भांडण आहे. तो केल्टिक लोकांचा साविन, चर्चने त्यावर आपला संतांचा दिवस बसवला, असं सर्रास सांगतात. पण इ.स. ८००च्या सुमारास खुद्द आयर्लंडमध्ये सर्व संतांचा दिवस २० एप्रिलला पाळत. आणि साविनबद्दल जे कळतं, ते बरंचसं ख्रिस्ती काळात लिहिलेल्या हस्तलिखितांतून. आधीच्यांची हकीकत नंतरच्यांनी लिहिलेली.

आमच्या दसऱ्याची एक गोष्ट मात्र तशी नाही. १९५६ला त्या दिवशी बाबासाहेब आणि माईसाहेबांनी महास्थवीर चंद्रमणींकडून दीक्षा घेतली. मग बाबासाहेबांनी स्वतः लाखोंना त्रिशरण, पंचशील आणि २२ प्रतिज्ञा दिल्या. तारीख आहे, जागा आहे, साक्षीदार आहेत. याच शहरात १९२५च्या दसऱ्याला संघ स्थापन झाला होता. म्हणून नागपूर निवडलं का, या शंकेला बाबासाहेबांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात नाही असं उत्तर दिलं. ज्या नाग लोकांनी बौद्ध धर्म पसरवला त्यांची ही भूमी, म्हणून नागपूर, असं ते म्हणाले. अशोकाची तिथी सिद्ध होवो न होवो, शतकानुशतकं ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं, त्यांनी विजयाचा दिवस स्वतःसाठी निवडला, हे सिद्ध आहे. त्याला दोन हजार वर्षं जुन्या शिक्क्याची गरज नाही.

शेवटी धीर करून आजीला सांगितलं. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "अशोकाले मी कुठं पाह्यलं बाबू? बाबासाहेबाले पाह्यलं. माय रडून राह्यली होती, अन् मले वाटे कोणी मारलं का काय तिले."

या दसऱ्याला दोन्ही ग्रुपवर मी आजीचं एवढंच वाक्य टाकलं. कॉलेजच्या ग्रुपवरून एकाने विचारलं, "आजीला भेटता येईल का?"