मोऱ्याची भरती-ओहोटी

दिवाळी आली की ज्याला त्याला आपले गाव आठवते. माझे गाव नकाशावर शोधायचे तर भिंगच हवे. उरणच्या उत्तरेला, घारापुरीच्या समोर, एक धक्का, एक कोळीवाडा आणि पाठीशी टेकडी, एवढेच आमचे मोरा.

एकदा वर्गात सालबाईचा तह शिकवीत होतो. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, आपल्या मोऱ्याचा इतिहास कुठल्या धड्यात आहे?" मी निरुत्तर झालो. मग सुचले, तह हाच तो धडा! आमचे बेट तेव्हा कारंजा म्हणून ओळखले जाई. पोर्तुगीज गेले, मराठे आले आणि 1782 च्या त्या तहाने साष्टी व घारापुरीबरोबर कारंजाही इंग्रजांकडे राहिले. आमच्या पूर्वजांना कुणी विचारले नाही.

पुढेही कुणी विचारले नाही. उरण हा पनवेल तालुक्याचा पेटा होता. 1883 त आम्ही ठाण्यातून कुलाब्यात गेलो आणि 1981 त कुलाब्याचा रायगड झाला. गाव जागचे हलले नाही, पत्ता मात्र बदलत राहिला.

मुंबईला मात्र मोरा ठाऊक होते. मिठागरांचे मीठ आणि मोहाच्या भट्ट्यांची दारू इथून गलबतांनी जाई. भट्ट्यांचे मालक बहुतेक पारशी. मोहाची फुले परमुलखांतून येत, म्हणजे झाड आमचे नव्हे, नशा आमची नव्हे, घाम तेवढा आमचा!

मग मोठी बंदरे आली. जमिनीच्या मोबदल्यासाठी 16 आणि 17 जानेवारी 1984 ला उरण भागातील शेतकरी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. विकसित भूखंडाचा साडेबारा टक्क्यांचा हक्क त्या लढ्याचे फळ आहे. 1989 त न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि आमचे जुने बंदर अधिकच लहान दिसू लागले.

मोऱ्याचे घड्याळ भिंतीवर नसते, ते पाण्यात असते. धक्क्यापाशी गाळ साचतो, ओहोटीला लाँच लागत नाही. नवा असताना मी एकदा भाऊच्या धक्क्याला जायचे म्हणून घाईघाईने धावत आलो. टोपली सोडून बसलेली एक म्हातारी कोळीण हसली. म्हणाली, "पानी उतरला, मास्तर. आता लाँच नाय येवाची. बसा, म्हावरा बघा." मी बसलो. त्या दोन तासांत तिने मला वाऱ्यांची नावे सांगितली. ती माझ्या कोणत्याच पुस्तकात नव्हती.

12 जानेवारी 2024 ला उरणची रेल्वे आणि मुंबईचा अटल सेतू एकाच दिवशी खुले झाले. मुलांना आता पाण्याची वाट पाहावी लागणार नाही, याचा मला आनंद आहे. पण वाट पाहणे संपले की म्हातारीजवळ बसणेही संपते. वाऱ्यांची नावे मग कोण सांगणार?

म्हणून यंदा सुट्टीचा अभ्यास मी बदलला आहे. किल्ला करा, पण त्याच्याशेजारी मोऱ्याचा धक्काही करा. आणि आजीला विचारून एकेका वाऱ्याचे नाव लिहून आणा. मागच्या बाकावरच्या त्या मुलाचा धडा असाच लिहिला जाईल.