लेडी मॅकबेथचे हात

झोपेत चालत आलेली राणी, जवळ जळता दिवा आणि एकमेकांवर घासले जाणारे दोन हात. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मधलं हे दृश्य नाटक न वाचलेल्यांनाही ऐकून ठाऊक असतं. राज्यलोभापायी केलेला खून मनात कसा सडत जातो, हे इतक्या साध्या कृतीतून क्वचितच कुणी दाखवलं असेल. हे हात आले कुठून?

इतिहासात ते नाहीत. स्कॉटलंडच्या मॅकबेथची राणी ग्रुओख ही राजवंशातली स्त्री. तिचा पहिला नवरा १०३२ मध्ये आपल्या माणसांसह जाळून मारला गेला. १०४० मध्ये डंकन राजा मेला, तोही नाटकातल्यासारखा मॅकबेथच्या घरी पाहुणा म्हणून झोपलेला असताना नव्हे, लढाईत. ग्रुओखचं नाव उरलं ते लॉक लेव्हनच्या साधूंना दिलेल्या दानपत्रात. कटकारस्थान करणारी राणी तिथे कुठेच नाही.

ती आली पुढच्या बखरकारांकडून. हॉलिन्शेडच्या १५७७ च्या बखरीत मॅकबेथच्या बायकोच्या वाट्याला जेमतेम एक वाक्य येतं: राणीपदाच्या हव्यासाने तिने नवऱ्याला चिथावलं. त्याच बखरीत डफ राजाचा खून करणारा डॉनवाल्ड आहे. त्यालाही बायकोनेच भरीस घातलं होतं आणि पहारेकऱ्यांना दारू पाजून निजवलं होतं. शेक्सपिअरने दोन्ही हकिगती एकत्र गुंफल्या. राणीला लागलेली अपराधाची टोचणी मात्र त्याची स्वतःची.

हात धुण्याला जुना संदर्भ होता. बायबलमधला पिलात येशूला क्रुसावर देताना लोकांसमोर हात धुतो आणि आपण निर्दोष असल्याचं जाहीर करतो. शेक्सपिअरने अर्थ उलटवला. खुनाच्या रात्री लेडी मॅकबेथलाही वाटतं, थोड्या पाण्याने सगळं निघून जाईल. पण त्याच रात्री ती बोलून जाते, की झोपलेला राजा आपल्या वडिलांसारखा दिसला नसता तर आपणच वार केला असता. भेग तिथे पडलेली आहे. पुढे नवरा तिला न सांगता आपला सहकारी सेनापती बँको याचा खून घडवतो आणि ती एकटी पडत जाते. पाचव्या अंकात दासी वैद्याला सांगते की राणी पाव पाव तास हात धुत राहते. वैद्य म्हणतो, हिला वैद्यापेक्षा धर्मगुरूची गरज आहे.

१७८५ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात सारा सिडन्सने या प्रवेशात मेणबत्ती खाली ठेवली. तोवर नट्या ती हातातच धरत. नाट्यगृहाचा चालक शेरिडन याचा या बदलाला विरोध होता. पण दोन्ही हात मोकळे असल्याशिवाय ते धुणार कसे? सिडन्स ठाम राहिली आणि प्रेक्षकांनी तिचं म्हणणं मान्य केलं.

मराठीत शि. म. परांजपे यांच्या 'मानाजीराव'मधून आणि पुढे १९५४ मध्ये वि. वा. शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मधून ही कथा आली. 'राजमुकुट'मध्ये दुर्गा खोटे यांनी राणी रंगवली. १९५७ मध्ये कुरोसावाच्या 'थ्रोन ऑफ ब्लड'मध्ये जपानी असाजी हात धुत राहते. विशाल भारद्वाजच्या 'मकबूल'मध्ये मुंबईच्या गुन्हेगारी जगातल्या निम्मीला रक्ताचे डाग दिसत राहतात.

प्रत्येक देशाने ही बाई आपली करून घेतली, कारण तिच्यात खलनायिकेपेक्षा खरं काही आहे. जागेपणी ती कुणापाशीही कबुली देत नाही. टोचणी असते, पण पश्चात्तापाकडे नेणारा शब्द तोंडून फुटत नाही, आणि तिचा नाश यातच आहे. महत्त्वाकांक्षा स्त्रीला शोभत नाही, असा धडा या नाटकातून काढणाऱ्यांनी ते नीट वाचलेलं नाही. तिचा अपराध महत्त्वाकांक्षेचा नाही, खुनाचा आहे. आणि तो करूनही तिच्यात माणूस शिल्लक होतं, याचा पुरावा म्हणजेच ते हात.