भोपळा, झेंडा आणि खिशातला बोया

स्कूबा डायव्हिंगवरच्या मागच्या भागानंतर एकच प्रश्न फिरून फिरून आला. पाण्यावर आपली खूण दाखवणारा तो फुगवायचा बोया घ्यायचाय, कोणता घेऊ? सांगते, पण जरा लांबून. कारण हा बोया म्हणजे नवा शोध नाहीच. स्कूबा आल्यावर जी वस्तू हातून सुटली, ती परत मिळवायची धडपड आहे ती.

दक्षिण कोरियात जेजू नावाचं बेट आहे. तिथल्या हेन्यो, म्हणजे नुसता श्वास रोखून समुद्रतळावरून शंख-शिंपले काढणाऱ्या बायका. त्यांची परंपरा २०१६ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. प्रत्येकीबरोबर पाण्यावर एक ‘तेवाक’ तरंगत असतो. पूर्वी तो चक्क वाळवून पोकळ केलेला भोपळा असायचा! आपल्याकडे पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला भोपळा बांधत, तसलाच. तेवाकाखाली जाळी लटकते, मिळालेला माल त्यात टाकायचा. वर आलं की त्याला धरून दम खायचा. आणि लांबून बघणाऱ्याला कळायचं की इथे खाली माणूस आहे. पुढे भोपळ्याच्या जागी थर्माकोल आलं, त्यावर भडक नारिंगी कापड चढलं.

१८३०च्या दशकात ऑगस्टस सीबेनं बंद शिरस्त्राणाचा पोशाख आणला. त्या पाणबुड्यालाही हवेची नळी आणि दोर असायचा. वरचा माणूस दोर हातात धरून बसलेला, एका हिसक्याचा अर्थ वेगळा, दोन हिसक्यांचा वेगळा. अवजड प्रकार खरा, पण हरवायची सोय नव्हती.

मग १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी ॲक्वालंग बनवलं आणि नळी, दोर दोन्ही सुटले. माणूस माशासारखा मोकळा झाला. या मोकळेपणाचं कौतुक खूप झालं. वरच्याला खालचा दिसेनासा झाला, हे मात्र फार कमी बोललं गेलं. १९५६ साली अमेरिकेत डेन्झेल डॉकरीनं लाल कापडावर तिरका पांढरा पट्टा असलेला झेंडा काढला, तो त्याच काळजीतून. पण झेंडा असतो बोटीवर. प्रवाहानं माणूस भलतीकडे नेला तर?

इंग्लिश खाडीत हा रोजचा प्रश्न. भरती-ओहोटी पालटताना पाणी थोडा वेळ थांबतं, तेवढ्यात बुडालेली जहाजं पाहायची. पाणी पुन्हा ओढायला लागलं की नांगरदोर धरून वर येणं अशक्य होतं. सुरुवातीपासून बोया ओढत फिरावं, तर त्याची दोरी जहाजाच्या लोखंडात अडकते. म्हणून बोया गुंडाळून खिशात ठेवायचा आणि परतताना खालूनच फुगवून वर सोडायचा. बोटवाला त्या नारिंगी काठीमागे येत राहतो.

१९९८च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर टॉम आणि आयलीन लोनर्गन हे अमेरिकन जोडपं समुद्रातच राहिलं. बोटीवर डोकी मोजण्यात घोळ झाला. दोन दिवसांनी त्यांचं सामान बोटीवर सापडलं, तेव्हा कुठे शोध सुरू झाला. ती दोघं कधीच मिळाली नाहीत. बोटच निघून गेल्यावर बोया तरी काय करणार, असं कुणी म्हणेल. मोजणीतली चूक बोया भरून काढत नाही, हे मान्य. पण लाटांमध्ये माणसाचं डोकं म्हणजे एक शहाळं, आणि वरून शोधणाऱ्याला शहाळं दिसत नाही.

म्हणून निवडताना माझा पहिला निकष उंचीचा. हातभर लांबीचे स्वस्त बोये मिळतात, ते शांत तळ्यात ठीक. समुद्रासाठी दीड मीटरच्या आसपासचा घ्यावा. दुसरं, खालचं तोंड. उघड्या तोंडाचा बोया भरायला सोपा, पण वर जाऊन आडवा झाला की हवा सांडते. एकदिशा झडप असलेला बंद बोया घ्या, त्याला जादा दाब सोडणारी झडप आहे ना तेही बघा. कारण २० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो. तिथे बोया एक तृतीयांश भरला, की वर पोचेपर्यंत तो आपोआप टम्म फुगतो. खालीच ठासून भरायची गरज नाही, आणि तसं करताना तोच तुम्हाला वर खेचून नेईल.

दोरी खोलीपेक्षा लांब हवी. मला खटक्याच्या रिळापेक्षा साधी फिरकी बरी वाटते, अडकायला तिच्यात काही नसतंच. तरी गुंता झालाच, तर हातातून सोडून द्यायची, तिच्याबरोबर वर जायचं नाही. तारकर्लीला पहिल्यांदाच उतरणाऱ्यांनी यात पडू नये, तिथे प्रशिक्षक हात धरूनच असतो.

राहिला रंग. ब्रिटिश पाणबुडे लाल किंवा नारिंगी बोया नेहमीसाठी वापरतात आणि पिवळा म्हणजे मदत हवी असं धरतात. सगळीकडे हा संकेत चालत नाही. तेव्हा उतरण्याआधी नाखव्यालाच विचारा, तुमच्याकडे पिवळ्याचा अर्थ काय?