फॉरेन्सिक नर्सिंग म्हणजे काय? हिंसाचारानंतर रुग्णालयातील पहिले काही तास

मारहाण, भाजणे किंवा लैंगिक अत्याचार झालेली व्यक्ती रुग्णालयात येते, तेव्हा तिला दोन गोष्टींची गरज असते: तातडीचे उपचार आणि घडलेल्या प्रकाराची विश्वासार्ह नोंद. ही दोन्ही कामे एकत्र सांभाळणाऱ्या परिचर्येच्या शाखेला फॉरेन्सिक नर्सिंग किंवा न्यायसहायक परिचर्या म्हणतात.

सुरुवात कुठे झाली?

१९७० च्या दशकात अमेरिकेतील मेम्फिस, मिनियापोलिस या शहरांत अत्याचारग्रस्तांची तपासणी करण्यासाठी परिचारिकांना खास प्रशिक्षण दिले जाऊ लागले. १९९२ मध्ये अशा परिचारिकांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. भारतात हे स्वतंत्र पद अजून रूढ झालेले नाही. मात्र भारतीय परिचर्या परिषदेच्या बी.एस्सी. नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमात फॉरेन्सिक नर्सिंग आणि भारतीय कायदे यांची ओळख करून देणारा विषय आहे.

सातारा-सांगलीत हे काम कोण करते?

साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आणि सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय ही या दोन जिल्ह्यांतील मोठी सरकारी रुग्णालये. लोकांच्या तोंडी दोन्ही ‘सिव्हिल’च. पण जत, आटपाडी, पाटण किंवा माणमधील बाई आधी जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात पोहोचते. तिथे तिला प्रथम भेटते ती ड्युटीवरची सिस्टर. त्यामुळे फॉरेन्सिक नर्स हे पद नसले तरी त्यातले बरेचसे काम तिच्याच वाट्याला येते.

‘आधी सिव्हिलला जा’ किंवा ‘आधी पोलिसांचे पत्र आणा’ असे सांगून रुग्णाला परत पाठवता येत नाही. बलात्कार व ॲसिडहल्ल्याच्या पीडितांवर सरकारी आणि खासगी अशा सर्व रुग्णालयांनी तत्काळ मोफत उपचार करावेत आणि पोलिसांना कळवावे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३९७ सांगते. उपचार नाकारल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० नुसार एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

तपासणीत काय होते?

- संमती: केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १२ वर्षे किंवा त्याहून मोठी व्यक्ती स्वतः संमती देते. ती तपासणीच्या कोणत्याही टप्प्याला नकार देऊ शकते. नकार दिला तरी उपचार थांबत नाहीत.
- एकांत: तपासणीच्या वेळी पोलीस खोलीत नसतात. पोक्सो कायद्यानुसार मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते. पालक किंवा मुलाच्या विश्वासातील व्यक्ती तिथे हजर असते.
- नोंद: रुग्णाने सांगितलेली हकिकत शक्यतो तिच्याच शब्दांत लिहिली जाते. प्रत्येक जखमेची जागा, आकार आणि रंग टिपला जातो.
- नमुने: कपडे सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवतात, कारण प्लास्टिकमध्ये ओल राहून नमुना खराब होतो. पाकिटे सीलबंद करतात आणि ती कोणी, कधी, कोणाच्या ताब्यात दिली हे लिहून ठेवतात. ही साखळी तुटली तर न्यायालयात त्या पुराव्यावर शंका घेतली जाते.
- औषधे: एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. गर्भनिरोधक गोळीही जितक्या लवकर घ्यावी तितकी चांगली.

अंगावर जखम नसेल तर?

हा प्रश्न महाराष्ट्रातील मथुरा प्रकरणाने ऐरणीवर आणला. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार होती. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार केला नाही, असा अर्थ लावत सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. देशभर निषेध झाला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. भीती, धमकी, बेशुद्धी किंवा उशिरा झालेली तपासणी यामुळेही जखमा दिसत नाहीत. म्हणून ‘जखम नाही’ एवढेच लिहिणे अपुरे असते. त्यामागची शक्य कारणेही अहवालात यावी लागतात. ‘टू फिंगर टेस्ट’ करणे हे गैरवर्तन मानले जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पष्ट केले.

घरातली हिंसा ओळखणे

‘पाय घसरून पडले’, ‘स्टोव्हचा भडका उडाला’ अशी कारणे अपघात विभागात नेहमी ऐकू येतात. सांगितलेले कारण आणि जखम जुळत नसेल, किंवा नवरा-सासू बाईला बोलूच देत नसतील, तर तिच्याशी एकटीशी बोलणे गरजेचे असते. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ संस्था आणि महापालिकेने सुरू केलेल्या ‘दिलासा’ केंद्राने रुग्णालयातच समुपदेशनाची वाट दाखवली. नंतर राज्यातील इतर रुग्णालयांतही अशी केंद्रे निघाली.

हे लक्षात ठेवा

- शक्य असल्यास तपासणीआधी आंघोळ करू नका, कपडे धुऊ नका. पण आंघोळ झाली असेल किंवा दिवस उलटले असतील, तरी रुग्णालयात जाच.
- अहवालाची प्रत मोफत मागा.
- महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये समुपदेशन, तात्पुरता निवारा आणि कायदेशीर मदत मिळते.
- ‘मनोधैर्य’ योजनेतील अर्थसाहाय्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा.