कॅरोटिड रक्तस्राव आणि परिणामांचे पूर्वानुमान : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना : डोके व मान यांच्या कर्करोगात कॅरोटिड रोहिणी फुटणे हे जीवघेणे संकट होय. अशा वेळी रुग्णाचे पुढे काय होईल, या प्रश्नाला दीर्घ इतिहास आहे.

विवेचन : फ्रेंच शल्यविशारद आम्ब्रवाझ पारे यांनी १५५२ मध्ये एका जखमी सैनिकाची कॅरोटिड बांधली. सैनिक वाचला; मात्र त्याची वाचा गेली व अर्धांग लुळे पडले. १८०३ मध्ये डेव्हिड फ्लेमिंग यांनी ब्रिटिश युद्धनौकेवर हीच क्रिया केली, तेव्हा रुग्ण बरा झाला. उपाय एकच, फळे मात्र भिन्न. कॅरोटिड बांधल्यावर मेंदूला अन्य मार्गाने पुरेसे रक्त मिळते की नाही, यावर बरेच काही अवलंबून होते. हे आधी पारखण्यासाठी अमेरिकेतील रुडॉल्फ माटास यांनी १९११ मध्ये रोहिणी दाबून पाहण्याची चाचणी मांडली. परंतु चाचणीस अवधी लागतो आणि आकस्मिक रक्तस्रावात तोच नसतो.

जॉर्ज क्राइल यांनी १९०६ मध्ये मानेतील लसीकाग्रंथी समूळ काढण्याची शस्त्रक्रिया मांडली. पुढे तिला किरणोपचारांची जोड मिळाली. या उपचारांनी अनेकांना जीवदान दिले, तसेच काहींची रोहिणी उघडी व दुर्बलही केली. १९९० च्या दशकात या संकटाच्या तीन अवस्था मानल्या गेल्या : फुटण्याची भीती असलेली, रक्तस्राव होऊन तात्पुरता थांबलेली आणि न थांबणाऱ्या रक्तस्रावाची.

निष्कर्ष : यांतील दुसरी अवस्था सर्वाधिक महत्त्वाची ठरते. थांबलेला रक्तस्राव ही पूर्वसूचना असते. चाचणीस, उपचारास आणि आप्तांना सत्य सांगण्यास लागणारा अवधी तेवढाच हाती असतो.